दिल्लीत आठ जणांचं जेवण

दिल्लीला जायचं ठरलं की लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट अशी यादी लगेच तयार होते. रेल्वेची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, आग्ऱ्याला जायची गाडी, सगळं महिनाभर आधी ठरतं. फक्त जेवायचं कुठे, हे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून सोडून दिलं जातं. दोघंच असाल तर ते चालतं. पण आजी-आजोबा, दोन भावांची कुटुंबं आणि दोन मुलं असे आठ जण दुपारी दीड वाजता उन्हात उभं राहून मोबाइलवर हॉटेल शोधू लागले की वादाला सुरुवात होते. एकाला कबाब हवेत, दुसरीचा उपवास आहे, मुलांना नूडल्स हवेत आणि आजोबांची गोळीची वेळ टळून गेलेली असते.

आधी माणसं, मग हॉटेल

हॉटेलांची यादी करण्याआधी घरातल्यांची यादी करा. मांसाहार कोणाला चालतो, कांदा-लसूण कोणाला चालत नाही, जिने कोणाला चढवत नाहीत, तिखट कोणाला सोसत नाही? मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्याचं जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून दुपारच्या जेवणाची वेळ त्या व्यक्तीच्या सोयीने ठरवा. साडेबारापर्यंत पोहोचलात तर नावाजलेल्या हॉटेलातही रांगेत फार थांबावं लागत नाही.

दुसरा नियम म्हणजे जेवणासाठी शहरभर फिरू नका. सकाळी जे पाहायचं आहे, त्याच्या जवळच जेवा. दिल्लीतली अंतरं मोठी आहेत आणि भुकेलेल्या मुलांना घेऊन वाहतुकीत अडकण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

चांदनी चौकात गेलात तर

लाल किल्ला पाहून झाला की समोरच चांदनी चौक. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या मुख्य रस्त्यावर सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी आहे. वयस्कर मंडळींसाठी सायकलरिक्षा करा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हेही लक्षात ठेवा.

इथल्या पराठेवाली गलीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आपल्या घरचे पराठे तव्यावरचे, तर इथले कढईत तळलेले असतात. सोबत बटाट्याची भाजी, लाल भोपळा, लोणचं आणि चिंचेची गोड चटणी मिळते. चव पाहायलाच हवी, पण आठ जणांनी त्यावर पूर्ण जेवण करू नये. तीन-चार प्रकारचे पराठे मागवून वाटून खा. दरीबा कलानच्या कोपऱ्यावर 1884 पासून चाललेलं जलेबीचं दुकान आहे. तिथली जाडजूड जलेबीही दोघांत एक पुरते. निवांत बसून जेवायला आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृहासाठी याच रस्त्यावरचं हल्दीरामचं शाकाहारी उपाहारगृह सोयीचं पडतं.

मांसाहारी मंडळींचा जीव जामा मशिदीजवळच्या करीममध्ये अडकलेला असतो. हे हॉटेल 1913 सालचं. अशा वेळी सगळ्यांनी एकत्रच जेवलं पाहिजे हा हट्ट सोडा. चौघांनी करीमला जावं, चौघांनी शाकाहारी ठिकाणी आणि तासाभराने ठरलेल्या जागी भेटावं. कबाबांच्या वासात दही-भात शोधणारी आजीही खूश नसते आणि तिच्यासमोर संकोचून खाणारा नातूही नाही.

एकाच टेबलावर सगळ्यांच्या आवडी

सगळ्यांना एकत्र बसायचं असेल तर आयएनए मेट्रो स्थानकाजवळचं दिल्ली हाट उत्तम. 1994 साली सुरू झालेल्या या बाजारात निरनिराळ्या राज्यांचे खाद्यपदार्थांचे स्टॉल आहेत. ज्याने त्याने हवं ते आणावं आणि एकाच टेबलावर बसावं. जेवण होईपर्यंत बायकांची खरेदी आणि मुलांचं धावणंही होतं. आत जायला तिकीट असतं.

इंडिया गेटच्या बाजूला असाल तर अशोक रोडवरच्या आंध्र भवनचं कॅन्टीन पाहा. ठरावीक दरात पोटभर थाळी मिळते. भात, सांबार, रसम, दही पाहिल्यावर चार दिवस रोटी आणि पनीर खाऊन कंटाळलेल्या मराठी माणसाला हायसं वाटतं. तिखट मात्र जपून वाढून घ्या. रविवारी बिर्याणीसाठी गर्दी उसळते, त्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील तर इतर दिवशी जा. मंडी हाऊस मेट्रोजवळच्या बंगाली मार्केटमध्ये चाट आणि मिठाई बसून खाता येते. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, पादत्राणं काढून पंगतीत लंगरचा प्रसाद घेता येतो. मुलांसाठी तो वेगळाच अनुभव ठरेल.

उपवास असेल तर

आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी दिल्लीत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही. नवरात्रात ‘व्रत की थाली’ बऱ्याच ठिकाणी असते आणि आपली भगर तिथे ‘समा के चावल’ म्हणून ओळखली जाते. पण संकष्टी किंवा गुरुवार असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की घरूनच न्या.

बिलाचं आधीच ठरवा

दोन कुटुंबं एकत्र असली की बिलावरून मनात अढी बसते. निघतानाच सारखे पैसे काढून एकाकडे द्या आणि जेवणाचा सगळा खर्च त्यातूनच करा. भाज्या आठ जणांसाठी आठ मागवू नका, तीन भाज्या आणि एक डाळ पुरेशी होते. बिल नीट वाचा. जीएसटी द्यावाच लागतो, पण सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली काढलेली याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 साली कायम ठेवली. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

‘मला काहीही चालेल’

प्रत्येक घरात असं म्हणणारी एक व्यक्ती असते आणि बहुधा ती आई किंवा सून असते. वर्षभर सगळ्यांच्या आवडीचं रांधणारी ही बाई सहलीतही मुलांच्या ताटात उरलेलं संपवते. म्हणून एक दिवस हॉटेल तिने निवडायचं, असं निघण्याआधीच ठरवा. ‘तुम्ही म्हणाल ते’ हे उत्तर त्या दिवशी स्वीकारायचं नाही. मेनूकार्ड आधी तिच्या हातात द्या आणि मुलांना भरवायचं काम त्या जेवणापुरतं बाबांनी करावं.