ठकीची वर्दी

ठकी आमच्याकडे आली ती 2011 च्या पावसाळ्यात, चरईतल्या एका गॅरेजमधून. तपकिरी रंगाची गावठी कुत्री, एक कान उभा, एक दुमडलेला. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं घर. खाली रिक्षांची वर्दळ, सिव्हिल हॉस्पिटलकडे धावणाऱ्या अॅम्ब्युलन्स, आणि पहिल्या पायरीपासून करकरणारा लाकडी जिना. माणसाला 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 40 हजारांच्याही पुढचा. आम्हाला पत्ता लागायच्या आत ठकी दाराशी उभी असायची आणि जीव तोडून भुंकायची.

बाबा "गप्प!" म्हणून ओरडायचे, तशी ती आणखी चेकाळायची. मालकही आपल्यासोबत भुंकतोय असंच तिला वाटत असणार. यातली खरी गोम आईच्या ध्यानात आली ती दूधवाल्यामुळे. तो यायचा, ठकी भुंकायची, तो पिशवी ठेवून निघून जायचा. कुरियरवाल्याचंही तेच. ठकीच्या हिशेबी तिनेच त्यांना पिटाळलेलं असायचं, आणि रोज सकाळी तिचा हा समज पक्का होत होता.

मग आईने दूधवाल्याला दारात थोडं थांबायला सांगितलं. ठकीचं तोंड क्षणभर मिटलं की त्याने स्वतःच्या हाताने तिला बिस्किटाचा तुकडा द्यायचा. नाक्यावरून आवाज आला की आई हातातलं काम टाकून खिडकीशी जायची, खरोखर वाकून बघायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बघितलं गं, आपलाच आहे. चल." स्वयंपाकघरात ठकीच्या गोणपाटावर चपातीचा तुकडा मिळायचा, पण गप्प बसल्यावरच. आधी एका दमाएवढं गप्प, मग आणखी थोडं. घाई केली नाही. पुढे पुढे ठकी एकदाच भुंकून आईच्या तोंडाकडे बघायची आणि आपणहून गोणपाटाकडे वळायची. ते एक भुंकणं आम्ही कधीच बंद केलं नाही. ते तिचं काम होतं.

तोंडाला मुसकं बांधा, असं सुचवणारेही भेटले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. अंगातली उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. ठाण्याच्या उन्हाळ्यात तासन् तास तोंड आवळून ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

सणांची गोष्ट मात्र वेगळी. आनंद दिघे यांनी 1978 मध्ये नाक्यावर नवरात्र सुरू केलं; इथली दहीहंडीही त्यांचीच. मी या उत्सवांत वाढलो, त्यांच्यावर माझं प्रेम आहे. पण स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या की ठकी भुंकायची नाही. मोरीत शिरून थरथरायची, चपातीला तोंड लावायची नाही. भेदरलेल्या जनावराला शिकवणी नको असते, आडोसा लागतो. हंडीच्या दिवशी आई तिला उजाडताच मासुंदा तलावावर फिरवून आणायची. मग आतल्या खोलीत खिडक्या बंद, पंखा जोरात, रेडिओ चालू, आणि शेजारी आई निवडण घेऊन बसलेली. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल 2016 मध्ये लागला. तो वाचताना मला सिव्हिलमधल्या रुग्णांसोबत मोरीतली ठकीही आठवली.

2020 च्या टाळेबंदीत नाका सुनसान झाला आणि ठकी पुन्हा भुंकू लागली. आधी वर्दळीत बुडून जाणारे बारीक आवाज आता सुटे होऊन येत होते: पत्र्यावर कावळ्याची नखं, वरच्या मजल्यावरची बादली. दूधवाला पिशवी कडीला अडकवून लगेच परतायचा, म्हणजे तिचा जुना विजयही परत आला. आईने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. दूधवाला मास्क लावून चार पायऱ्या खाली थांबायचा, बिस्कीट आई द्यायची. यावेळी ठकी लवकर शिकली.

दोन वर्षांच्या खंडानंतर 2022 मध्ये हंडी बांधली गेली तोवर तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं. तरी ती थरथरलीच. ढोलाचा हादरा फरशीतून तिच्या पायांपर्यंत पोचत होता. आईने रेडिओ बंद केला आणि गोणपाटाखाली जुनी गादी घातली.