सॅक्रामेंटो: वेतन आणि शुश्रूषा

अमेरिकन व सॅक्रामेंटो ह्या नद्यांच्या संगमावर वसलेलें हें नगर कॅलिफोर्निया संस्थानाची राजधानी होय. अधिक वेतनाच्या आशेनें इतर संस्थानांतील परिचारिका कॅलिफोर्नियांत येतात. टेक्सासमध्यें मिळणारा बहुसंस्थानी परवाना अनेक संस्थानांत चालतो. येथें मात्र निराळा काढावा लागतो. घरभाडेंही टेक्सासपेक्षां जड. मग खरा लाभ कोणता? ह्याच नगरांतील विधिमंडळानें १९९९ सालीं केलेल्या कायद्यान्वयें, २००४ पासून, अतिदक्षता विभागांत एका परिचारिकेकडे दोहोंहून अधिक रुग्ण सोंपवितां येत नाहींत. वाचकहो, अर्थार्जनार्थ स्थलांतर मुळींच निंद्य नव्हे. परंतु निघण्यापूर्वीं वेतनाबरोबरच आपल्या वाट्यास रुग्ण किती येतील, हेंही विचारावें. थकलेल्या हातांनीं शुश्रूषा नीट होत नाहीं.