मातृस्मरण

आपल्या पूर्वजांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण पडत नाही. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लक्ष मजूर करारावर हिंदुस्थानातून मॉरिशसला उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला. मजुरांची नावे, गावे व क्रमांक ज्यांत लिहिले गेले, त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. रत्नागिरीकडून आलेल्या आमच्या खापरपणजोबांचा क्रमांक मी तेथेच पाहिला. परंतु त्या वह्यांनी मोजले ते उसाच्या मळ्यातील श्रम. चुलीपाशी जे श्रम झाले, त्यांस कोणी क्रमांक दिला नाही. आमची आई डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील रेडमंड येथे कालवश झाली. तिचे आयुष्य अशाच न मोजलेल्या श्रमांचे होते.

आईचा जन्म १९५० चा. फेब्रुवारी १९६० च्या कॅरोल वादळात तिच्या माहेरचे छप्पर उडाले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. गावच्या बैठकेत संध्याकाळी मुलगे मराठी शिकत. ही धाकट्या भावाला मांडीवर घेऊन दाराशी बसे आणि तेथूनच बाराखडी शिकली. पुढे परातीत तांदळाचे पीठ पसरून त्यावर बोटाने तीच अक्षरे तिने आम्हां भावंडांकडून गिरवून घेतली. आज मी शाळेत मराठी शिकवतो. माझी पहिली पाटी ती परात होय.

१९७१ साली ती आमच्या घरी सून म्हणून आली. बाबा उसाच्या मळ्यात मजूर. तोडीच्या दिवसांत, जून ते डिसेंबर, ती पहाटे तीनला उठे, भाकरी बांधी आणि स्वतःही मळ्यात जाई. आमच्या घरात क्रिओल बोलली जाई. पण बाबांना हाक मारताना ती ‘अहो’च म्हणे. ‘क्रिओलमध्ये याला शब्द नाही,’ असे ती हसून सांगे. शेवटची सहा वर्षे बाबा अंथरुणाला खिळून होते. तेव्हाही दररोज सकाळी त्यांचे तोंड पुसताना तोच ‘अहो’ आम्ही ऐकला. तिच्या मुखातून कुरकुरीचा शब्द मात्र ऐकला नाही.

बाबांच्या निधनानंतर, २०२२ मध्ये, माझ्या धाकट्या बहिणीने तिला आपल्या घरी रेडमंडला नेले. सिएटलजवळचे हे गाव. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८६ साली तेथे ठाणे मांडले आणि संगणकाच्या कामासाठी देशोदेशीचे लोक तेथे येऊन राहिले. तेथे आईला ना वाणी-उदमी ओळखीचे, ना हवा. नातीची भाषा इंग्रजी, हिची मराठी नि क्रिओल. भाद्रपदात तिने ओल्या मातीचा गणपती घडवला, अंगणातले गवत निवडून दूर्वा म्हणून वाहिले, आणि मूर्ती बादलीत विसर्जित करून ते पाणी सफरचंदाच्या झाडास घातले. मोदक वळताना ती आठ वर्षांच्या नातीला पाकळ्या मोजावयास लावी : एक, दोन, तीन. ‘अकरा झाल्या की मग तोंड मिटायचे.’ दोघींचे पहिले संभाषण हेच.

रेडमंडमधून सॅमामिश नदी वाहते. शरद ऋतूत सामन मासे समुद्रातून नदीत शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध चढत आपल्या जन्मस्थानी अंडी घालावयास जातात. बहिणीने ते आईला दाखवले, तेव्हा आई बराच वेळ पुलावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘माहेरी निघाल्यात.’ मग हलकेच म्हणाली, ‘आमच्या पणजीला जायला मिळाले नाही.’ करारावर आलेल्या किती स्त्रियांना समुद्रापलीकडचे माहेर पुन्हा दिसले नाही, हे या वाचकवर्गास निराळे सांगावयास नको. त्यांनी गौरी-गणपतीलाच माहेर मानले आणि ते लेकीबाळींच्या ओटीत घातले.

तथापि आईला एक चिंता होती. ‘माझ्यामागे ही पोर काय म्हणेल?’ असे ती दूरध्वनीवर मला विचारी. मी शिक्षक असूनही मजजवळ उत्तर नव्हते. आमच्या बेटावरही बरीच मुले मराठी वर्गात बोलतात आणि वर्गाबाहेर विसरतात. मग त्या दूरदेशी काय उरावे?

तिच्या अस्थी बहिणीने येथे आणल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आम्ही त्यांचे विसर्जन केले.

२०२५ च्या गणेश चतुर्थीस बहिणीचा दूरध्वनी आला. ती उकड मळत होती. मागून नातीचा आवाज येत होता : नऊ, दहा, अकरा. मग क्षणभर शांतता. मोदकाचे तोंड मिटले असावे. त्या मोजणीत ‘दहा’चा उच्चार आईच्या धाटणीचा होता.

आई, तुला कोणत्या वहीत क्रमांक नाही. तुझी मोजणी मात्र चालू आहे. परमेश्वर तुझ्या आत्म्यास चिरशांती देवो.