ट्रकच्या पुढच्या ॲक्सलला अनावृत पत्र

प्रिय पुढच्या ॲक्सला,

इंजिनाचा आवाज बदलला की मालकाचा त्याच दिवशी फोन येतो. गिअर अडकायला लागला की गाडी लगेच पिटावर येते. गाडी ओढायचं काम मागच्या ॲक्सलचं, त्यामुळे तुझी आठवण होते ती टायर एका बाजूने कापायला लागल्यावर. तेव्हाही टायर बदलतात, गाडी भरतात आणि रवाना करतात. टायर का कापला, हे तुला कुणी विचारत नाही. मला त्याचा राग येतो, म्हणून लिहितोय.

तुझ्या अंगावर भार किती असतो? २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. त्यातले ११.५ टन मागचा ॲक्सल घेतो, उरलेले सात तुझे. हा हिशेबही सपाट जागी उभ्या गाडीचा. बोरघाट उतरताना ब्रेक दाबला की भार पुढे सरकून तुझ्यावर येतो, आणि नेमकं तेव्हाच वळणही घ्यायचं असतं.

तुझा बीम दणकट आहे, यात वाद नाही. तापवलेलं पोलाद डायमध्ये दाबून तो घडवतात. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जमधून असे बीम परदेशातही जातात. झिजतात ती तुझी टोकं, कारण चाकं तिथेच वळतात. घोडागाडीच्या जमान्यात वळताना पुढचा अख्खा आस मधल्या खुंटीवर फिरायचा. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गरने प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळवायची जोडणी काढली आणि रुडोल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. दोनशे वर्षांनंतरही ट्रकचं वळणं अशा दोन खुंट्यांवरच, म्हणजे किंगपिनांवरच आहे. पिन, तिचे बुश, खालचं थ्रस्ट बेअरिंग आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट, एवढ्यांत तुझं सगळं दुखणं असतं.

आणि हे दुखणं गाडी जमिनीवर असताना दिसत नाही. टनांचा भार पिन आणि बुश एका बाजूला दाबून धरतो, त्यामुळे ढिलेपणा झाकला जातो. तुला तपासायचं तर आधी उचलावंच लागतं. मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, बीमखाली जॅक घालून चाकं अधांतरी करायची आणि बीम स्टँडवर टेकवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. मग टायर वर-खाली धरून, ढिला दात हलवून पाहतात तसा हलवायचा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. या एका ब्रेकमुळे दोन वेगळ्या रोगांचं निदान होतं, तरी कित्येक ठिकाणी तो दाबलाच जात नाही आणि चांगलं बेअरिंग आवळून जाळलं जातं.

बॉल जॉइंटचं उलट आहे. ते पाहताना गाडी खाली असावी, इंजिन चालू असावं, एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करावं आणि दुसऱ्याने सांध्याकडे बघत राहावं. रॉड हलतो आणि पुढचा आर्म क्षणभर उशिरा हलतो, तो क्षणभर म्हणजेच बदलायची वेळ.

ग्रीसिंगमध्येही अशीच हयगय होते. गाडी धुतली, पिचकारी लावली, दोन दाब दिले, झालं! भाराखाली दाबलेल्या भागात ते ग्रीस पोचतच नाही. चाकं उचलून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून, सांध्यातून जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत भरायला हवं. ग्रीस भरायचा निपल ‘घेत नाही’ म्हणून सोडून देणं तर अक्षम्यच. चोंदलेला निपल बदलायला वेळ किती लागतो? कोरडा राहिलेला किंगपिन बुशमध्ये जाम झाला की तो काढायला अख्खा दिवस जातो, शिवाय घणाचे घाव तुझ्याच डोळ्यावर, म्हणजे पिन बसते त्या भोकावर, बसतात.

अपघातात वाकलास तर तुला गॅसने तापवून सरळ करणारे आहेत, तडा गेला तर वेल्डिंग मारणारेही आहेत. कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून दिलेली ताकद त्या ज्योतीत निघून जाते आणि वरून रंग मारला की कुणाला कळत नाही. असा बीम भंगारातच गेला पाहिजे. इथे मी तडजोड मानत नाही.

फिटनेसची तपासणी पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी होते. दोन तपासण्यांमध्ये गाडी हजारो किलोमीटर धावते. तेवढ्या काळात तुझी खबर फक्त ड्रायव्हरच्या हातांना असते. स्टिअरिंग थरथरतंय, गाडी डावीकडे ओढतेय, वळणानंतर चाक आपसूक सरळ येत नाही, असं तो सांगत असतो. पुढे काही झालंच तर सगळे त्यालाच विचारतात, ‘झोप लागली होती का?’

म्हणून मालकांना आणि मिस्त्रीभावांना माझी हात जोडून विनंती आहे. दर सर्व्हिसिंगच्या कार्डावर ‘पुढची चाकं उचलून तपासणी’ ही वेगळी ओळ लिहा, तिचे पैसे वेगळे घ्या आणि द्या, आणि तपासताना त्या गाडीच्या ड्रायव्हरला शेजारी उभं करा.

तुझा,
ट्रान्सपोर्टनगरातला एक मिस्त्री