साडेबारा लाखांत मुंबईत फ्लॅट!

मुंबईत स्वतःचा फ्लॅट. किंमत फक्त बारा लाख साठ हजार! नाही, छपाईची चूक नाहीये. २०२५च्या उन्हाळ्यात माझ्या रूममेटनं ही बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा मीही आधी तिच्या हातातला मोबाइल ओढून शून्यं मोजली होती. एवढ्या पैशांत आमच्या एरियात कार पार्किंगसुद्धा येत नाही राव! मग कळलं, स्कीम फक्त महापालिकेच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. घर सव्वादोनशे स्क्वेअर फुटांचं. ठिकाण : माहुल, चेंबूर.

रूममेटचा दादा महापालिकेत क्लार्क. लग्न ठरलेलं. रोज डोंबिवलीहून लटकत येतो. म्हणजे स्कीम जणू त्याचंच माप घेऊन शिवलेली. रविवारी तो घर बघायला गेला आणि तासाभरात परत फिरला.

‘फॉर्म भरलास?’

‘नाही.’

‘का रे?’

‘वास येतो.’

बस्स, एवढंच. आणि असा तो एकटा नव्हता. हजारो घरं विक्रीला होती, मुदतवाढही देऊन झाली, तरी अर्ज आले ते काहीशेच. ज्या शहरात म्हाडाच्या दोन हजार घरांच्या लॉटरीला लाखाच्या वर अर्ज पडतात, त्या शहरात!

हा काय प्रकार आहे ते बघायला एका शनिवारी मी निघाले. खरं सांगायचं तर माहुल हे नाव मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. पण ते नंतर.

तसं बघितलं तर माहुल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे, फक्त लांबून. शिवडीच्या जेट्टीवर उभं राहून फ्लेमिंगोंचे फोटो काढले असतील ना? त्या गुलाबी रांगेच्या मागे ज्या धुरकट चिमण्या आणि टाक्या येतात आणि ज्या आपण घरी येऊन शिस्तीत क्रॉप करतो, ती माहुल-ट्रॉम्बेची बाजू. दुसरा व्ह्यू होता मोनोरेलमधून. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्ही चेंबूर-वडाळा जॉयराइड केली होती. मध्ये एका स्टेशनचं नावच ‘भारत पेट्रोलियम’. एसी डब्यातून, बंद काचेआडून रिफायनरी म्हणजे एकदम सायन्स फिक्शनचा सेट! सप्टेंबर २०२५मध्ये मोनो थांबवली, त्यामुळे या वेळी चेंबूर स्टेशनवरून बस. बसला काच होती, पण ती उघडी होती.

आर. सी. मार्गावरून आत शिरलं की दुकानं, शाळा, रसवंतीगृहं हळूहळू संपतात आणि भिंती सुरू होतात. वर तारांची वेटोळी असलेल्या लांबच लांब भिंती. रस्त्याच्या कडेला टँकर एकामागे एक उभे. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी पदर नाकाला लावला तेव्हा मला कळलं, आलं माहुल. वास कसा? पेट्रोल पंपावर टाकी भरताना येतो तसा, पण त्यात नेलपॉलिश आणि कुजका लसूण मिसळल्यासारखा. पहिली पाच मिनिटं काही वाटत नाही. दहाव्या मिनिटाला डोळ्यांच्या कडा चुरचुरायला लागतात.

इथे आधी होते ते कोळी. माहुल, आंबापाडा, गव्हाणपाडा ही जुनी गावं. १९५०च्या दशकात इथे एस्सो आणि बर्मा-शेलच्या रिफायनऱ्या आल्या. पुढे सत्तरच्या दशकात सरकारनं त्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या एचपीसीएल, बीपीसीएल झाल्या. खताचा कारखाना आला, वीजकेंद्र आलं, नंतर केमिकल साठवणाऱ्या खासगी टाक्या आल्या. मुंबईची गाडी चालली, दिवा लागला तो यातल्या बऱ्याचशा गोष्टींमुळेच, हेही मान्य करायला हवं. मी ज्या बसनं गेले तिचं इंधन काही आकाशातून पडलं नव्हतं.

भिंतींच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एकदम ७२ बिल्डिंगा दिसतात. सात-सात मजली. दोन बिल्डिंगांत इतकंच अंतर की या खिडकीतून त्या खिडकीत मिठाची वाटी देता येईल. खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूबलाइट. काही बिल्डिंगांत वाळत घातलेले कपडे, काही बिल्डिंगा अख्ख्या रिकाम्या. दादा बघायला आला होता ती घरं हीच.

मला न्यायला एक ताई आली होती. वयानं माझ्याच एवढी, खांद्याला लॅपटॉपची वाटावी अशी बॅग. आत लॅपटॉप नव्हता. फायली होत्या, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले हॉस्पिटलचे केसपेपर होते आणि एक लांबडी रेघारेघांची वही होती. चळवळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माइक आणि घोषणा येतात. या बाईंचं काम म्हणजे जवळपास अकाउंट्स! कुणाला दमा निघाला, कुणाचं डायलिसिस सुरू झालं, कुणाचं बाळ सारखं आजारी पडतं, कोणत्या तारखेला कोणत्या ऑफिसात कोणता अर्ज दिला, पोच मिळाली की नाही. आणि वहीत रोजच्या नोंदी : वास किती वाजता आला, किती वेळ राहिला, वारा कुठून होता.

‘हे कशाला?’ मी विचारलं.

‘अधिकारी येतात ते सकाळी अकराला,’ ती म्हणाली. ‘वास येतो तो रात्री दोनला. मग लिहून नको ठेवायला?’

वासाचं गणित तिनंच समजावलं. टाकीत किंवा टँकरमध्ये तेल, केमिकल भरायला लागलं की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती पकडून परत आत घेणारी यंत्रणा असते, पण ती बसवायला हवी, नीट चालवायला हवी. नाही तर वाफ बाहेर. दिवसा ऊन आणि वारा असतो म्हणून ती वर जाते, पांगते. रात्री, त्यातून थंडीत, गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि वाफही तिच्याबरोबर बसते. म्हणजे लोक झोपलेले असतात तेव्हाच.

हे नुसतं वहीतलं नाही हं. केईएम हॉस्पिटलनं २०१३मध्ये इथल्या वस्त्यांची पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. ८४.५ टक्के लोक छातीत कोंडल्यासारखं होतं म्हणाले. आंबापाड्यातल्या रहिवाशांनी २०१४मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे केस केली. १८ डिसेंबर २०१५ला लवादानं स्पष्ट म्हटलं की माहुल, आंबापाडा परिसरातल्या लोकांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून धोका आहे.

आता लक्ष देऊन वाचा. २०१५मध्ये हा निकाल आला आणि २०१७मध्ये महापालिकेनं हजारो माणसं आणून याच माहुलमध्ये टाकली.

कुठून आणली? तानसा पाइपलाइनवरून. शहराला पाणी देणाऱ्या या जलवाहिनीच्या कडेला वर्षानुवर्षं झोपड्या होत्या. पाण्याच्या सुरक्षेसाठी पाइपच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा हायकोर्टाचा २००९चा आदेश. जागा मोकळी झाल्यावर तिथे काय करायचं, याचा महापालिकेचा प्लॅन तुम्ही वाचला असेल. मुलुंडपासून खाली ३९ किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक! मी तर तो प्लॅन शेअरसुद्धा केला होता. वॉव, फायनली, वगैरे कॅप्शन टाकून.

मी तेव्हा मास मीडिया करत होते. विद्याविहारला आम्ही चौघी मिळून फ्लॅटवर राहायचो. भांडी-फरशीला एक मावशी यायच्या, पाइपलाइनवरूनच, चालत सात मिनिटांवरून. परीक्षेच्या दिवसांत न सांगता चहा करून ठेवणाऱ्या. २०१७मध्ये एक दिवस त्या आल्या नाहीत. चार दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, ‘घर तोडलं, आता माहुलला दिलंय, बसनं यावं लागतं.’ पक्कं घर मिळालं म्हणून आम्ही त्यांचं अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मग त्यांना उशीर व्हायला लागला. साडेसातच्या साडेनऊ, कधी दहा. खोकायच्या. बसभाड्याचे पैसे वाढवून मागितले. आमचं लेक्चर आठला. महिन्याभरात आम्ही मीटिंग घेतली, तीन विरुद्ध एक. ती एक मी नव्हते. पुढची बाई दुसऱ्या दिवसापासून वेळेवर यायला लागली.

ताईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला नवीन नव्हतं. इथे आलेल्या अर्ध्याअधिक बायकांची कामं अशीच सुटली, म्हणाली. घाटकोपर-विद्याविहारची दोन-दोन, तीन-तीन घरं, एकेक करून.

८ ऑगस्ट २०१८ला दुपारी बीपीसीएलच्या प्लांटमध्ये मोठा स्फोट झाला. चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले, बिल्डिंगांच्या काचा थरथरल्या. त्यानंतर मात्र लोकांचा धीर सुटला. ऑक्टोबरअखेर बरीच कुटुंबं मुलाबाळांसकट बाहेर पडली आणि विद्याविहारला, जिथून उठवलं तिथेच, पाइपलाइनजवळ फुटपाथवर येऊन बसली. आंदोलनाचं नाव ‘जीवन बचाओ’. सोबत ‘घर बचाओ घर बनाओ’वाले होते, मेधा पाटकर येऊन गेल्या. मागणी सोपी : माहुल नको, दुसरीकडे कुठेही द्या. मुलांनी फुटपाथवर अभ्यास करून परीक्षा दिल्या. पक्क्या घराची किल्ली कमरेला आणि माणूस फुटपाथवर, वर्षभर!

हायकोर्टानं एप्रिल २०१९मध्ये सांगितलं, यांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर देईपर्यंत महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच बजावलं. पुढे काही कुटुंबांना गोराईला म्हाडाची घरं मिळाली. ऑगस्ट २०२०मध्ये लवादानं चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई भरायचा आदेश दिला. कागदावर बघाल तर लोक जवळपास प्रत्येक ठिकाणी जिंकलेत. तरी दोरीवर कपडे आहेतच. ताईचं घर चौथ्या मजल्यावर आहेच.

‘तू का नाही गेलीस?’

‘कागद अडकलाय,’ ती म्हणाली. ‘आणि मी गेले तर वही कोण लिहिणार?’ मग स्वतःच हसली. ‘नाही, खरं कारण कागदच.’

तिच्या आईनं चहा केला. दारं-खिडक्या बंद करून, वर पंखा फुल्ल. पाहुणे आले की तेवढंच करतो, त्या म्हणाल्या. मला पुलावरून गेल्याचं आठवलं. अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंना त्रास होऊ नये म्हणून नॉइज बॅरियर लावलेत. चांगलंच केलंय. मी आईंना तसं सांगितलं नाही, उगाच.

निघताना मी धीर करून विचारलं, ‘एक मावशी शोधता येतील का? विद्याविहारच्या पाइपलाइनवरच्या.’

ताईनं लगेच वही उघडली, मागची पानं. बिल्डिंगवार यादी, प्रत्येक नावापुढे जुना पत्ता. ‘मिळतील ना, का नाही. नाव काय?’

‘मावशी...’

‘अगं, नाव. आडनाव तरी?’

मी दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते. त्यांच्या मुलाला दहावीला किती टक्के पडले, ते मला माहीत होतं. डाव्या हातावर गोंदलेली तुळस आठवत होती. हे सगळं मी सांगितलंही. ताईनं बोटानं दोन-तीन पानं खाली-वर केली. तुळशीचा कॉलम तिच्या वहीत नव्हता.

‘आठवलं तर फोन कर,’ ती म्हणाली आणि पुढचं पान काढलं. खिडकीच्या फटीतून तोच वास आत यायला लागला होता, आता जरा गोडसर. तिची आई चहाची भांडी विसळत होती. ताईनं पेन माझ्यापुढे धरलं. ‘तुझ्या हातात घड्याळ आहे ना? लिही. टायमिंग बरोबर टाक हं, कोर्टात चालतं ते.’

मी लिहिलं : शनिवार, सहा वाजून चाळीस मिनिटं. वारा नाही.