समोरचा दात

वडाळा रोडवरच्या एका हॉलमध्ये भाच्याचा वलीमा होता. नळी चोखण्याचा मोह या वयात आम्ही आवरायला हवा होता, आवरला नाही. कट्‌ असा बारीक आवाज झाला. आधी वाटले, हाड फुटले. जीभ फिरवून पाहिली तर समोरचा वरचा दात निम्म्याहून जास्त गायब. दुखले मुळीच नाही. दुखणार कसे? तो दात पन्नास वर्षांपूर्वीच मेला होता.

1974 सालची गोष्ट. आम्ही अकरा वर्षांचे होतो. जुन्या नाशकात चौक मंडईच्या मागच्या गल्लीत विटीदांडूचा डाव रंगला होता. विटी उडाली ती थेट आमच्या तोंडावर. ओठ फाटला, दात हलला. अम्मीने हळद भरली, अब्बांनी तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या. काही दिवसांत दात घट्ट झाला आणि घरात सगळ्यांनी शुक्र केला. पण पुढे तो काळवंडत गेला. मार लागल्यावर दाताची आतली नस मरते, रक्त आतच झिरपते आणि दात राखाडी होतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. मोहल्ल्यातली पोरे ‘काला दात’ म्हणून चिडवत. आम्ही ओठ मिटून हसायला शिकलो. लग्नाच्या फोटोत आम्ही इतके गंभीर आहोत की बघणाऱ्याला वाटावे, पोलिसांनी धरून आणले आहे. बेगम अजून त्यावरून टोमणे मारते.

दात तुटला तो 2025 च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सत्तावीस तारखेला मराठी भाषा गौरव दिन, आणि एका वाचनालयाने आम्हाला बोलायला बोलावले होते. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच गौरव दिन, त्यात नाशिक म्हणजे कुसुमाग्रजांचे गाव. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. घरी येऊन आरशासमोर उभे राहिलो आणि म्हणून पाहिले, ‘तात्यासाहेब शिरवाडकर’. ‘सा’वर शिट्टी वाजली. ‘फ’ म्हणताना नुसती हवा गेली.

दुसऱ्या कोणाला यात हसू आले असते. आमचे तसे नाही. पस्तीस वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवले. आमचे नाव पुकारले की समोरचे लोक आधी आमच्या ‘ळ’ आणि ‘ण’कडे कान लावून बसतात. भाषण संपल्यावर कोणीतरी हमखास येऊन म्हणते, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ म्हणणारा मनापासून म्हणतो, म्हणून राग येत नाही. पण त्या कौतुकात एक परीक्षा असते, आणि ती आम्ही दर वेळी नव्याने देतो. जोशी सरांच्या तोंडून शिट्टी वाजली तर लोक म्हणतील, सरांचा दात पडला. आमच्या तोंडून वाजली तर काय म्हणतील, याचा आम्ही रात्रभर विचार केला.

मोहल्ल्यात सल्ल्याला तोटा नाही. ‘निकाल डालो, झंझट मिटेगी,’ असे मशिदीच्या दारात तिघांनी सांगितले. आमच्याकडे दात दुखला की उपाय एकच, पक्कड. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुले प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम करतात, तरी जाणारे जातात ते कवळीसाठीच. आणि गंमत पाहा, देशातले पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कोलकात्यात काढले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून त्यांनी 1915 साली पदवी घेतली होती. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत लिहून ठेवली. एवढी परंपरा पाठीशी, आणि हातात पक्कड!

द्वारकेजवळच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एक्सरेत मुळाच्या टोकाशी एक काळा ठिपका दिसला. ‘सर, हे जुनं इन्फेक्शन आहे, आत हाड खाल्लंय. पण मूळ मजबूत आहे, वाचेल,’ त्या म्हणाल्या. आधी रूट कॅनॉल. मग मुळात बारीक काडीसारखा फायबर पोस्ट चिकटवला, त्यावर सिमेंटसारखे मटेरियल चढवून बुंधा उभा केला, आणि तो बुंधा चहूबाजूंनी घासून लहान केला. का, तर वरून टोपी बसायला जागा हवी. त्या घासण्याचा आवाज कवटीत घुमतो. त्याचे वर्णन करत नाही. ज्याने ऐकला त्याला गरज नाही. शेवटी माप लॅबला गेले आणि तोवरच्या वापरासाठी प्लॅस्टिकचा तात्पुरता दात बसला.

अम्मी ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचा पहिला प्रश्न, ‘सोने का तो नहीं ना? मर्दों को हराम है.’ आम्ही तिला अरफजा सहाबींची हदीस सांगितली. लढाईत त्यांचे नाक गेले, चांदीचे बसवले तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा सोन्याचे बसवायची इजाजत मिळाली. सोन्याच्या दाताला परवानगी देणारे त्याचाच आधार घेतात. आमचा दात झिरकोनियाचा, म्हणजे एक जातीची चिनी मातीच, हेही सांगितले. मास्तरकीची खोड जात नाही म्हणून नंतर कोश उघडला. झिरकोन हा शब्द फारसी ‘जरगून’वरून, म्हणजे सोन्याच्या रंगाचा. त्यातला ‘जर’ तोच, जो येवल्याच्या पैठणीच्या जरीत आहे. म्हणजे शब्दापुरते का होईना, सोने तोंडात आलेच!

रंग निवडण्याचा प्रसंग वेगळाच. डॉक्टरीणबाईंनी दातांच्या नमुन्यांची पट्टी आणली. आम्ही सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवले. पन्नास वर्षांची भरपाई करायची होती. त्या म्हणाल्या, ‘सर, शेजारचे दात चहाच्या रंगाचे आहेत. हा ट्यूबलाइटसारखा दिसेल.’ आम्ही हटलो नाही. तेव्हा बेगम उठली, आम्हाला हाताला धरून खिडकीच्या उजेडात नेले, एकेक नमुना ओठांशी धरला आणि साडीला ब्लाउजपीस जुळवावा तसा पिवळट झाक असलेला एक काढून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मीही हाच काढला होता.’

सत्तावीसला दात लॅबमध्येच होता. प्लॅस्टिकच्या दातावर बोललो. चहाबरोबरचे बिस्किट सोडून दिले. पहिली दहा मिनिटे जिभेचे सगळे लक्ष त्या दाताकडे होते, तो माइकवर उडून पडतो की काय! मग केव्हातरी विसरलो. शेवटी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ त्या दिवशी आम्हाला ते वाक्य, खरे सांगतो, गोड लागले.

एक मार्चला पक्का दात बसला. निळा कागद चावायला लावून, जिथे ठसा उमटेल तिथे घासून, दोन-तीनदा काढघाल करून मग सिमेंटने चिकटवला. घरी आलो तेव्हा मगरीब झाली होती, गच्चीवर पोरे रमजानचा चाँद दिसला म्हणून ओरडत होती. अम्मीने चष्मा मागितला. आमची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवले आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलला, लहान पोराचा उचलावा तसा. बराच वेळ बघत राहिली.

‘ऐसाच था,’ ती म्हणाली. ‘उस दिन डॉक्टर के पास ले जाना था तेरे को. तेरे अब्बा बोले भी थे. मैंच बोली, हल्दी से हो जाएगा.’

हे तिने कधी सांगितले नव्हते. आम्ही म्हणालो, ‘अम्मी, उस वक्त डॉक्टर भी क्या करता?’ तिने ओठ सोडला, चष्मा काढून पदराने पुसला.

‘कितने लगे?’

खरे होते त्याच्या निम्मे सांगितले. आतून बेगमच्या खोकण्याचा आवाज आला.