डांबर निवण्याआधी

मार्च महिना आम्हा प्राध्यापकांचा परीक्षांचा, तर सरकारी खात्यांचा बिलांचा. ३१ तारखेच्या आत निधी खर्ची पडावा म्हणून आमच्या बेळगावात जागोजाग खडीचे ढीग पडतात आणि रोलर धडधडू लागतात.

आमच्या गल्लीत डांबरीकरण झाले त्या दिवशी मी बराच वेळ दारात उभा राहून काम पाहिले. रोलरवरच्या वयस्क चालकाला विचारले, "काका, एवढी घाई कशाला?" ते म्हणाले, "सर, भाकरी तव्यावर आहे तोवरच फुगते. माल गरम आहे तोवरच दाबायला पाहिजे."

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत काकांचे हेच बोल आकड्यांत लिहिलेले आहेत. 'व्हीजी-३०' प्रतीच्या डांबराचा माल १५० ते १६५ अंश सेल्सिअसला मिसळावा, अंथरताना तो १४० च्या खाली नसावा आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलर फिरवून पुरा व्हावा. टिप्पर वाटेत अडकला, माल निवला, की आत पोकळ्या राहतात. त्यांत पावसाचे पाणी शिरते, खडीवरचे डांबर सुटते आणि गणपती येईतो खड्डा तयार होतो.

कामाचे पैसे निघतात ते मोजमाप पुस्तकातल्या नोंदींवर. लांबी-रुंदी कोणालाही दिसते. जाडी आणि घट्टपणा मात्र रस्त्यातून गोल तुकडा कापून काढल्याशिवाय नीट कळत नाही. ही तपासणी टळली, तर बिल रस्त्याचे न राहता नुसत्या क्षेत्रफळाचे होते.

सगळा दोष कंत्राटदाराच्या माथी मारून आपण मोकळे होतो. पण खडी, डांबर, डिझेल, मजुरी यांचे पैसे त्याला आधी मोजावे लागतात; बिल मागून येते. ते रखडले की व्याज चढते आणि थराची जाडी कमी करण्याचा मोह होतो.

एप्रिल २०२२ मध्ये, जवळच्याच हिंडलगा गावात रस्त्यांची कामे केलेल्या एका कंत्राटदाराने आत्महत्या केली. सुमारे चार कोटींची कामे करूनही पैसे मिळाले नाहीत, उलट चाळीस टक्के कमिशन मागितले जाते, असा त्याचा आरोप होता. कामाचा लेखी आदेशच नव्हता, असे खात्याचे म्हणणे. संबंधित मंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. त्या वादात मी शिरत नाही. मात्र एवढे दिसते, की तोंडी सांगितलेल्या कामाला कागदाचा आधार नसतो. मग त्याचा दर्जा कोणी विचारत नाही आणि त्याचे पैसेही कोणी देणे लागत नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. मुलांची गुणपत्रिका आपण निरखून पाहतो. गल्लीच्या रस्त्याचे मोजमाप पुस्तकही एकदा तसेच पाहावे. जाडी भरली नसेल तर बिल अडावे. भरली असेल तर ते वेळेवर निघावे, म्हणूनही आपणच आवाज उठवावा. चांगल्या कामाचे पैसे थकवणाऱ्या गावाने चांगला रस्ता कोणत्या तोंडाने मागावा?